पाच वाजताचा आकडा

ऑफिसात त्याला सगळे जोडारी म्हणायचे. हे नाव त्यानं स्वतःच पाडून घेतलं होतं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारलं, तुम्ही नक्की करता काय? तो म्हणाला, "माझे वडील कारखान्यात जोडारी होते. पाइपाला पाइप जोडायचे. मी प्रोग्रॅमला प्रोग्रॅम जोडतो. गळायला लागलं की शिव्या दोघांनाही सारख्याच." लोक हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्याच्या टेबलावरच्या पाटीवरही कुणीतरी कागद डकवून तेच लिहिलं. त्यानं तो काढला नाही.

तो बावन्न वर्षांचा होता. उंच, थोडा वाकलेला. शर्टाच्या खिशात पेन्सिल. बायको शाळेत गणित शिकवायची. दोघंच घरात. तो संस्थेच्या मुख्य कार्यालयात तिसऱ्या मजल्यावर बसायचा. खिडकी होती, पण ती उघडायची नाही. प्रिंटर बाथरूमच्या दाराशी होता, म्हणून काही छापायचं म्हटलं की लोक रुमाल घेऊन जायचे.

संस्थेची सव्वीस रुग्णालयं होती. प्रत्येक ठिकाणी नोंदणीचा एक प्रोग्रॅम, लॅबचा दुसरा, औषधांचा तिसरा, वॉर्डचा चौथा. चौघांचं एकमेकांशी बोलणं बंद. वाटण्या झालेल्या भावांसारखं. नोंदणीत जी बाई चाळीस वर्षांची होती ती लॅबमध्ये त्रेचाळीस होती. औषधांच्या खिडकीवर तिचं आडनावच निराळं होतं. वॉर्डात तर ती पुरुष होती. बाई एक, माणसं चार.

जोडारी तीन वर्षं एकच गोष्ट सांगत होता. समोरचा रुग्ण कोण, हे सांगणं एकाचंच काम असू द्या. बाकीच्यांनी आपापल्या याद्या फेकून द्याव्यात आणि त्याला विचारावं.

"म्हणजे नेमकं काय?" साहेबांनी विचारलं. साहेब म्हणजे त्याच्या वरचे, संस्थेच्या सगळ्या कॉम्प्युटरांचे प्रमुख.

"घरात चार घड्याळं आहेत साहेब. चारही वेगळी वेळ दाखवतात. दरवर्षी आपण पाचवं विकत आणतो. मी म्हणतो, दिवाणखान्यात एकच लावा. ज्याला वेळ हवी त्यानं मान वर करावी."

"आणि ते बंद पडलं तर?"

"तर सगळ्यांना एकदम कळेल. आत्ता चारांतलं कुठलं चुकतंय तेच कळत नाही."

साहेबांना ते आवडलं. मीटिंगांमध्ये ते घड्याळाची गोष्ट स्वतःची म्हणून सांगायला लागले. जोडारीनं कधी तक्रार केली नाही. एका ठिकाणी करून दाखवा, असं ठरलं. सगळ्यांत लहान रुग्णालय. ऐंशी खाटा. आठ महिने. चाललं तर मग सव्वीसांना.

*

त्या लहान रुग्णालयात नोंदणीच्या काउंटरवर थोरल्या बाई बसायच्या. तीन खुर्च्या होत्या. मधली त्यांची. बाकीच्या दोघी त्यांच्या हाताखाली शिकून म्हाताऱ्या व्हायला आल्या होत्या, म्हणून या थोरल्या. पंचावन्न वर्षांच्या. चष्मा दोरीला. एकोणतीस वर्षं त्याच काचेमागे.

जोडारीनं पहिल्या दिवशी त्यांना सगळं समजावलं. महिन्याभरात सुरळीत होईल म्हणाला.

"पी हळद अन् हो गोरी, असं नसतं हो ते," थोरल्या बाई म्हणाल्या. "बसा. चहा घ्या. आधी माणसं बघा."

तो बसला. पुढचे आठ महिने तो आठवड्यातले चार दिवस तिथंच बसला.

रुग्ण कोण ते सांगणारा जो एक प्रोग्रॅम त्यानं बांधला होता, त्याला तो सेवा म्हणायचा. ती असं काम करायची. माणूस आलं की तिला नाव, वय, पत्ता, फोन मिळायचा. ती जुन्या नोंदींशी ताडून पाहायची. नक्की तोच आहे असं वाटलं तर तसं सांगायची. नक्की नवीन असेल तर नवीन नोंद. पण अधलंमधलं काही निघालं तर ती शंका म्हणून एका यादीत जायची. रोज वीस-बावीस शंका. कारण लोक तसेच असतात. जन्मतारीख विचारली तर निम्मे म्हणायचे, लिहा तुम्हीच काहीतरी. त्यामुळे निम्मं गाव एक जानेवारीला जन्मलेलं. फोन शेजाऱ्याचा. नाव कधी नवऱ्यासकट, कधी नवऱ्याशिवाय.

दुपारी दोनला गर्दी ओसरायची. मग थोरल्या बाई ती यादी उघडायच्या. दोन ते तीन. बाकीच्या दोघी खिडकी सांभाळायच्या. बाई कागदावर नावं उतरवून वॉर्डात जायच्या, बाकावर बसलेल्यांना गाठायच्या, कुणाला फोन लावायच्या.

"घरी काय म्हणून हाक मारतात तुम्हाला?" हा त्यांचा पहिला प्रश्न. आधार नाही, ओळखपत्र नाही. हाक. माणूस लाजायचं, हसायचं, सांगायचं. मग बाई ते शेऱ्याच्या रकान्यात लिहायच्या. घरात ठमी म्हणतात. डावा पाय ओढतो. जुळी बहीण आहे, ती डावखुरी. नेहमी मेव्हणा सोबत येतो, तोच बोलतो.

"बाई, शेऱ्याचा रकाना यासाठी नाही," जोडारी म्हणाला.

"मग कशासाठी आहे?"

तो रकाना त्यानं उगाच ठेवला होता.

सेवेला त्या शहाणा म्हणायच्या. "तुमचा शहाणा म्हणतोय हे दोघे एकच. एकाला डोक्यावर केस नाही आणि एकाची शेंडी खांद्यावर आलीय. विचारा त्याला, मधल्या वेळात उगवले का?"

"त्याला डोळे नाहीत बाई."

"तेच म्हणते मी. हुशार आहे पोर. डोळे तेवढे घालायचे राहिले."

तो हसायचा. त्या तासात त्याला एक विचित्र सुख वाटायचं. आपण बांधलेली गोष्ट चालतेय, आणि तिच्या शेजारी एक माणूस आहे, असं. तीन वाजेपर्यंत यादी रिकामी. रोज. एकही दिवस त्या चुकल्या नाहीत. एकदा ताप होता तरी शाल गुंडाळून आल्या.

आणि साहेबांना रोज एक आकडा जायचा. संध्याकाळी पाच वाजता शिल्लक राहिलेल्या शंका. पाच ही वेळ साहेबांनीच ठरवली होती. साडेपाचला ते निघायचे, त्याआधी बघून ठेवायचे. आकडा रोज शून्य.

एक नियम मात्र जोडारीनं अगदी शेवटी घातला होता. सतरावा. समजा एखाद्या दिवशी कुणी यादी पाहिलीच नाही तर? प्रोग्रॅमला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर लागतं. त्यानं लिहिलं, साडेचारला जी शंका उरली असेल ती सगळ्यांत जवळच्या नोंदीत मिळवून टाका. मिनिटभराचं काम. रिकामी जागा राहू नये म्हणून. आठ महिन्यांत तो नियम एकदाही चालला नाही. चालायला शंकाच उरायची नाही.

*

अहवाल बारा पानांचा झाला. सातव्या पानावर जोडारीनं दोनपासून तीनपर्यंतचं सगळं लिहिलं होतं. एक अनुभवी कर्मचारी रोज तासभर काय करते, ते न केल्यास काय होईल, आणि प्रत्येक रुग्णालयात असं एक माणूस काउंटरवर का लागेल. तो परिच्छेद त्यानं चार वेळा लिहून काढला. बायकोला वाचून दाखवला.

"हे छान आहे," ती म्हणाली. "बाकीचं मला कळलं नाही, पण हे कळलं."

त्याच सुमारास लहान रुग्णालयाच्या दाराशी दोन यंत्रं आली. लोकांनी स्वतःच बोटानं आपली नोंद करायची. तीन खुर्च्यांची एक करणार अशी कुजबुज सुरू झाली. थोरल्या बाईंनी आडवळण घेतलं नाही. चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला आणि विचारलं.

"मी दुपारी काय करते ते लिहिणार आहात ना तुम्ही?"

"हो."

"मला मिरवायचं नाही काही. पण लिहिलंत तर खुर्ची राहील. तीन वर्षं उरलीत माझी. इथं बसून माणसं बघतच निवृत्त व्हायचंय मला. दुसरं काही मागत नाही."

"लिहिलंय बाई. सातवं पान."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

साहेबांनी अहवाल वाचला आणि म्हणाले, एका पानात करा. संचालक मंडळ एका पानाच्या पुढे जात नाही. जोडारीनं केलं. एका पानातही त्यानं बाईंच्या कामाच्या चार ओळी ठेवल्या. साहेबांचं बोट त्या ओळींवर थांबलं.

"हे काय? सव्वीस माणसं मागायची? मंडळ म्हणेल, मग यंत्र कशाला आणलं?" त्यांचा आवाज चढला नव्हता. ते खरंच विचारात पडले होते. "एक सांगा जोडारी. सिस्टीम चालते, की बाई चालवतात?"

खरं उत्तर होतं, दोघं. ते त्याला माहीत होतं. जिभेवर होतं. पण तीन वर्षं तो या दिवसाची वाट बघत होता. घास तोंडाशी आला होता. दोघं म्हटलं असतं तर प्रश्न निघाले असते, समिती बसली असती, आणखी एक वर्ष गेलं असतं.

"सिस्टीम चालते," तो म्हणाला.

"मग या ओळी मागच्या जोडपत्रात टाका. हवं असेल तो वाचेल."

त्यानं टाकल्या. संध्याकाळी मंडळाला गेलेल्या पत्राची प्रत त्यालाही आली. सोबत एकच पान होतं. जोडपत्र जोडलेलं नव्हतं. त्यानं दोनदा पाहिलं. उत्तर द्यायचं बटण समोर होतं. एक ओळ लिहायची होती, जोडपत्र राहिलं. त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि घरी गेला.

"मंजूर होणार," त्यानं बायकोला सांगितलं.

"मग तोंड का एवढं पडलंय?"

"दमलोय."

तिनं आणखी विचारलं नाही. गणिताच्या वह्या तपासत राहिली.

*

मंजूर झालं. नंतरचं वर्ष कसं गेलं ते त्याला कळलं नाही. दर महिन्याला दोन-तीन रुग्णालयं. तो बॅग भरायचा, जायचा, जोडायचा, यायचा. मोठ्या रुग्णालयांत सात-सात प्रोग्रॅम होते. काहींचं वय त्याच्या नोकरीपेक्षा जास्त. एकाला हात लावायला तिथले लोक घाबरायचे. तो लिहिणारा माणूस वारला होता. जोडारीनं तोही जोडला. पोरं त्याच्याकडे शिकायला यायला लागली. परगावच्या एका सभेत त्याला बोलायला बोलावलं. तिथं त्यानं घड्याळाची गोष्ट सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाच वाजता सव्वीस आकडे यायचे. सगळे शून्य.

पहिल्यांदा त्याला आश्चर्य वाटलं. तिथं तर थोरल्या बाई नव्हत्या. कुणीच नव्हतं. मग त्याला बरं वाटायला लागलं. म्हणजे सेवाच सुधारली असेल. म्हणजे आपण बोललो ते खोटं नव्हतं. हे बरं वाटणं त्यानं जपून ठेवलं. त्याच्या खाली काय आहे ते उचकटून पाहिलं नाही. पाहायला दहा मिनिटं लागली असती.

थोरल्या बाईंची बदली झाली. नोंदणी कक्षात काम उरलेले नसल्याने, असा आदेश होता. आधार म्हणून जोडारीचं एक पान लावलेलं. त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तळघरात, चादरी आणि रुग्णांचे कपडे ठेवतात त्या खोलीत. घरापासून दोन बस.

त्यांचा फोन आला.

"सातवं पान छापलं नाही वाटतं."

"जोडपत्रात होतं बाई."

"ते काय असतं?"

"अहवालाच्या शेवटी जोडतात ते."

"मग जोडलं नाही का?"

त्यानं खिशातली पेन्सिल काढली आणि परत ठेवली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "बसमध्ये आहे मी. नीट ऐकू येत नाही."

त्यानंतर त्यांनी फोन केला नाही. त्यानंही केला नाही. रोज ठरवायचा, उद्या करू. उद्या म्हणता म्हणता वर्ष होत आलं.

*

मग सुताराचं झालं.

साठीचा माणूस. पायाला जखम झाली, ती चिघळली. मोठ्या रुग्णालयात आला. दाराशी यंत्रावर त्याच्या बायकोनं नोंद केली. त्याच्याच नावाचा, त्याच्याच वयाचा आणखी एक माणूस यादीत होता. दोघांची जन्मतारीख एक जानेवारी. सुताराचं मूत्रपिंड अशक्त होतं. दुसऱ्याचं ठणठणीत. डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं, सगळं ठणठणीत दिसलं, म्हणून जंतुसंसर्गावरचं कडक इंजेक्शन पूर्ण मात्रेत दिलं. आठवडाभर. डॉक्टरांची चूक नव्हती. त्यांना जे दाखवलं गेलं ते त्यांनी वाचलं. पाय बरा झाला. औषध मात्र शरीरातून बाहेर पडलं नाही. दोन्ही कान गेले.

चौकशी लागली. तुमची सेवा काय म्हणते बघा, असा निरोप जोडारीला आला.

सकाळचे अकरा वाजले होते. त्यानं त्या दिवसाच्या नोंदी काढल्या. दहा वाजून बारा मिनिटांनी शंका. साडेचार वाजता शंका मिटवली. कुणी? नियम सतरा. नियम लिहिणारा कोण? तिथं त्याचंच नाव होतं.

मग त्यानं कॉम्प्युटरला विचारलं, हा नियम आजवर किती वेळा चालला? लहान रुग्णालयात, पहिल्या आठ महिन्यांत, शून्य. त्यानंतर, सगळीकडे मिळून, एक लाख नऊ हजार.

त्यानं आकडा तीनदा काढला. तोच आला.

म्हणून शून्य. साडेचारला नियम झाडू मारायचा आणि पाचला साहेब स्वच्छ अंगण बघायचे. आधी ते अंगण बाईंनी झाडलेलं असायचं. एकाच आकड्यात दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि तो आकडा त्यानंच बनवला होता. एक लाख नऊ हजारांतल्या पुष्कळशा जुळण्या बरोबरही असतील. किती चुकल्या ते कुणाला माहीत नव्हतं. सांगू शकलं असतं ते माणूस तळघरात चादरींच्या घड्या घालत होतं.

तो सुताराकडे गेला. जायची गरज नव्हती. कुणी सांगितलंही नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीतच कामाची जागा. फळ्या भिंतीला टेकून उभ्या. सुतार मोठ्यानं बोलत होता, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं.

"बसा. कुठून आलात?"

जोडारीनं सांगितलं. ते सुताराला कळलं नाही. त्याच्या बायकोनं पाटीवर लिहून दाखवलं. कॉम्प्युटरवाले साहेब. म्हणतात चूक त्यांची.

सुतारानं वाचलं.

"पाय वाचला की," तो म्हणाला. मग उठून एका फळीवर बोटानं टकटक केलं. पुन्हा केलं. "हे ऐकायचो मी. आतून किडलेली असली की निराळी वाजते. आता घेताना फसतो." तो हसला. "तुम्ही वाजवून बघता का? सांगा बरं, कशी आहे?"

जोडारीनं वाजवलं. त्याला काहीच कळलं नाही. त्यानं मान हलवली, चांगली आहे म्हणून. लगेच वाटलं, हेही आपण न कळता सांगितलं. पण बोलून झालं होतं. सुतारानं फळी बाजूला काढून ठेवली.

दारापर्यंत त्याची बायको आली. "रागावत नाहीत ते," ती हळू म्हणाली. "ऐकू येत होतं तेव्हा रागवायचे. आता गप्प असतात. तेच नको वाटतं."

*

मंडळापुढे जोडारी उभा राहिला. सोबत जुनं सातवं पान होतं. त्यानं सगळं सांगितलं. लहान रुग्णालयातला प्रयोग का चालला होता, नियम सतरा, एक लाख नऊ हजार. साहेब टेबलाकडे बघत होते.

"हे सगळं तेव्हा माहीत होतं तुम्हाला?" अध्यक्षांनी विचारलं. त्या वयस्क डॉक्टर होत्या.

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"मला विचारलं होतं, सिस्टीम चालते की बाई चालवतात. मी अर्धंच उत्तर दिलं. जे सोयीचं होतं ते."

साहेबांनी वर पाहिलं. त्यांना वाटलं होतं, तो त्यांचं नाव घेईल. त्यानं घेतलं नाही. नंतर जिन्यात ते त्याला म्हणाले, "माझंही चुकलं हो." तो म्हणाला, "तुम्ही निदान विचारलं तरी."

नियम त्याच दुपारी बंद झाला. पाच वाजता आकडा आला, आठशे चौदा. कुणाचाच त्यावर विश्वास बसेना. साहेबांनी दोनदा फोन करून विचारलं, काही बिघडलंय का? जोडारी म्हणाला, नाही, आता कुठे बरोबर दिसतंय.

मग मंडळानं पदं मंजूर केली. सव्वीस नाही, नऊ. काउंटरवर नाही, मुख्य कार्यालयात, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत. सगळ्या रुग्णालयांच्या शंका तिथं येणार. पदवी आवश्यक. थोरल्या बाई दहावी. जोडारी तीन आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. विशेष बाब म्हणून एका पदाला सूट मिळवली. आदेश हातात पडला त्या दिवशी तो जेवला नाही, तसाच बस पकडून मोठ्या रुग्णालयात गेला.

तळघरात एक लांब खोली होती. वर पाइप, त्यांतून गरम वाफेचा वास. भिंतीला कपाटं. थोरल्या बाई एकट्याच होत्या. चष्मा तसाच, दोरीला. केस जास्त पांढरे.

"या जोडारीबुवा," त्या म्हणाल्या. "रस्ता सापडला?"

त्याला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. त्यानं आदेश पुढे केला. बाईंनी हात पुसले, वाचला, पुन्हा वाचला.

"तिसऱ्या मजल्यावर?"

"माझ्या शेजारची खोली. खिडकी आहे. नवीन मुलींना तुम्हीच शिकवायचं."

"तिथं माणसं येतात?"

"नाही. यादी येते. पडद्यावर."

"आणि ज्याची शंका आहे तो?"

"तो घरी गेलेला असतो. किंवा दुसऱ्या गावात असतो. फोन करता येईल तुम्हाला."

बाईंनी आदेशाची घडी केली. "मला यादीतलं काय कळणार हो? माणूस समोर आलं की कळायचं. ते दारातून आत कसं येतं, कुणाच्या मागे लपतं, त्यावरून. मागच्या महिन्यात गेले होते मी आपल्या जुन्या जागी. खुर्च्या काढल्यात. काच काढलीय. लोक यंत्रापुढे उभे. एकानं ओळखलं मला, नमस्कार केला. मला त्याचं काही आठवेना. वर्ष झालं ना. हे रोज करावं लागतं. नाही केलं की जातं."

"मी काउंटर परत मागतो. लिहितो मी. या वेळी—"

"कधी मिळेल?"

त्याला माहीत होतं. दोन वर्षं तरी. तोवर बाई निवृत्त झालेल्या असणार, हे बाईंनाही माहीत होतं.

"तुमच्यावर राग नाही माझा," त्या म्हणाल्या. "पहिले चार महिने होता. बसमध्ये रोज तुम्हाला शिव्या घालायचे मनात. शेजारच्या बाईला वाटायचं जप करतेय." त्यांना हसू आलं, मग गेलं. "पण एक गोष्ट सांगू? माझंही चुकलंच. तीन वाजता मी यादी रिकामी करायचे ना, ते नुसतं रुग्णांसाठी नव्हतं. तुम्ही इतके दिवस खपला होतात. वाटायचं, पाच वाजता तुमच्या साहेबांना चांगलं दिसू दे. म्हणून तापातही आले मी. एखाद्या दिवशी दहा-बारा शंका तशाच ठेवून घरी गेले असते तर सगळ्यांना कळलं असतं, इथं माणूस लागतं म्हणून. मी कळूच दिलं नाही."

वडिलांच्या सगळ्या शिव्या जोडारीला ठाऊक होत्या, पण त्यांतली एकही इथं चालण्यासारखी नव्हती. तिथं एक स्टूल होतं त्यावर तो बसला. वर पाइपांत पाणी वाहत गेल्याचा आवाज झाला.

"तो सुतार कसा आहे?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच्या वॉर्डाच्या चादरी मीच पाठवायचे. एकदा वर गेले होते. घरी त्याला बाबू म्हणतात. विचारलं मी त्याच्या बायकोला." त्या थांबल्या. "तेव्हा उशीर झाला होता. इंजेक्शनं देऊन झाली होती."

ढकलगाडीवाला धुतलेल्या चादरींचा ढीग घेऊन आला आणि ठेवून गेला. अजून कोमट होत्या. थोरल्या बाईंनी आदेश कपाटावर ठेवला, एक चादर उचलली, झटकली.

"परत जायची घाई आहे का?"

"नाही."

"मग ते टोक धरा. नाही, तसं नाही. कडेची शिवण आत घ्या."

त्यानं शिवण आत घेतली. त्या दोन पावलं पुढे आल्या, त्याच्या हातातली टोकं घेतली, तो मागे सरला. ढीग मोठा होता. चार वाजले, साडेचार झाले. त्याच्या खिशातला फोन दोनदा वाजला. तो घड्या घालत राहिला. त्या वाकड्या येत होत्या. बाई त्या उलगडून पुन्हा घालत होत्या आणि त्याला काही म्हणत नव्हत्या.